गुडघ्याच्या पुड्या, गोल झालेला चेहरा आणि 'आजपासून बंद'ची घाई

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की आईचं वय ६२, गुडघे दुखतात, दीड वर्षापासून शेजारच्या गावातल्या एका माणसाकडून पुड्या आणतात, सकाळी एक संध्याकाळी एक, 'शुद्ध जडीबुटी' म्हणून. पहिल्याच दिवशी फरक पडला होता. आता चेहरा गोल झालाय, पोट सुटलंय पण हातपाय बारीक, जरा कुठे लागलं की काळंनिळं होतंय, आणि गेल्या महिन्यात शिबिरात शुगर २६० निघाली जी आधी कधीच नव्हती. मित्र म्हणाला यात स्टेरॉइड (सूज आणि दुखणं झटक्यात दाबणारं जोरदार औषध) असणार. म्हणून तुम्ही ठरवलंय की रविवारी गावी जायचं, सगळ्या पुड्या उकिरड्यावर फेकायच्या, आणि विचारताय की त्यानंतर हे सगळं किती दिवसांत उतरेल.

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे, तेवीस वर्षं झाली, आणि अशा पुड्यांची माणसं महिन्यातून चार-पाच तरी येतातच. तुमच्या मित्राचा संशय मला बरोबर वाटतो. पण 'किती दिवसांत उतरेल' हा नंतरचा प्रश्न आहे, आधीचा प्रश्न आहे 'बंद कशा करायच्या'. म्हणून बाकी काही वाचा न वाचा, एवढं लक्षात ठेवा: रविवारी पुड्या फेकू नका आणि आईंना एकदम बंदही करायला लावू नका. ऐकायला उलटं वाटेल, विष आहे म्हणता आणि चालू ठेवा म्हणता. सांगतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका सत्तरीच्या शेतकरी बाबांना जीपमधून आणलं, दोन दिवस उलट्या, अंगात त्राण नाही, वरचं बीपी ७०. गॅस्ट्रोची साथ चालूच होती त्यामुळे आम्ही सगळ्यांनी तेच धरलं, मीसुद्धा. तीन बाटल्या सलाईन गेलं तरी बीपी जागचं हलेना, रक्तातलं सोडियम १२२, म्हणजे खूपच कमी. सिस्टर सलाईनची पट्टी बदलायला गेली तर चिकटपट्टीबरोबर कातडीच निघून आली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तेव्हा मी पहिल्यांदा बाबांकडे नीट बघितलं. गोल चेहरा, दोन्ही हातांवर जांभळे डाग, मानेमागे चरबीचा उंचवटा. मुलाला विचारलं की काही पुडी-बिडी चालू होती का. तो म्हणाला, "होती ना साहेब, पण मला कळलं तसं मी स्वतः चुलीत टाकली सगळी, पाच दिवस झाले." म्हणजे तुम्ही जे रविवारी करणार आहात तेच, तितक्याच चांगल्या मनाने. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडचंच इंजेक्शन, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, पुढचे डोस चालू ठेवले, संध्याकाळपर्यंत बीपी ११०, आणि दुसऱ्या दिवशी बाबा बिनसाखरेच्या चहावरून सुनेवर खेकसत होते. हे वेळेत लक्षात आलं म्हणून. आलं नसतं तर 'गॅस्ट्रोने गेले' असं म्हणून सगळे गप्प बसले असते.

हे का होतं ते समजून घ्या. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, ॲड्रिनल. त्या रोज कॉर्टिसॉल बनवतात, पहाटे-सकाळी जास्त, रात्री कमी. हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड. गोळीच्या भाषेत सांगायचं तर साधारण प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची नेहमीची गोळी) ५ मिलिग्रॅमच्या तोडीचं रोजचं उत्पादन, आणि ताप आला, ऑपरेशन झालं, हाड मोडलं की त्याच ग्रंथी कितीतरी पट जास्त बनवतात, त्याच्यावर बीपी टिकतं. आता बाहेरून पुडीतून भरपूर यायला लागलं की मेंदू म्हणतो गरज नाही, आणि ग्रंथीला ऑर्डर देणं बंद करतो. आपल्याकडे दुष्काळी भागात कसं होतं बघा, वर्ष-दीड वर्ष दारात टँकर येतोय म्हटल्यावर विहिरीवरची मोटर कोण चालवतंय. आणि मग एक दिवस टँकर बंद झाला आणि बटण दाबलं तर ती मोटर लगेच पाणी उपसेल का? जाम झालेली असते. ग्रंथीचंही तसंच, फक्त इथे मेकॅनिक नाही, ती हळूहळू आपली आपणच जागी होते, कधी काही आठवड्यांत, कधी सहा महिने, कधी वर्षसुद्धा लागतं. तोपर्यंत टँकर थोडा थोडा कमी करायचा, एकदम तोडायचा नाही.

पुडीत बहुतेक वेळा डेक्सामेथासोन (थोडक्यात डेक्सा) हे स्टेरॉइड असतं असा माझा अनुभव, कारण ते स्वस्त आणि जोरदार. डेक्साचं ०.७५ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचं ५. बाजारात त्याची ०.५ ची चिमुकली गोळी मिळते, तशा दोन गोळ्या कुटून एका पुडीत घातल्या आणि दिवसाला दोन पुड्या गेल्या तर झाले २ मिलिग्रॅम, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात तेराच्या आसपास, शरीराच्या गरजेच्या अडीच पट, रोज, दीड वर्ष. वर डेक्साचा असर दीड-दोन दिवस टिकतो त्यामुळे ग्रंथीला मधे श्वास घ्यायलाही फुरसत नाही. हा हिशेब अर्थात उदाहरणाचा आहे, तुमच्या आईंच्या पुडीत किती आहे ते देव जाणे आणि खरं सांगायचं तर तो पुडीवालाही जाणत नाही. माझ्याकडे एकदा एका बाईंनी वर्तमानपत्राच्या कागदातली पुडी आणली, उघडून बघितली तर फिक्कट पिवळी पूड आणि त्यात एका गोळीची कड तशीच शाबूत, खलबत्त्यात नीट कुटली गेली नव्हती. त्या कडेवर कंपनीच्या छापाचं अर्धं अक्षरसुद्धा होतं. जडीबुटीवर छाप कुठून येणार!

तुमची बहीण म्हणते 'आयुर्वेदिक आहे म्हणजे साईड इफेक्ट नाहीत'. आमच्या गावातले जे खरे वैद्य आहेत, बीएएमएस करून नीट प्रॅक्टिस करणारे, त्यांना या पुडीवाल्यांचा माझ्यापेक्षा जास्त राग आहे कारण बदनामी त्यांच्या शास्त्राची होते. माझी एक गावठी खूण आहे. जुनाट दुखणं एका दिवसात पळालं, भूक खवळली, अंगात हुशारी आली आणि पुडी चुकली की दोन दिवसांत दुखणं दुप्पट होऊन परत आलं, तर ती वनस्पती नव्हे. आणि ज्या पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही तिला आयुर्वेदिक तरी का म्हणायचं.

एक तपासणी सांगतो, मला दरवेळी तिची गंमत वाटते. सकाळी आठ वाजता रक्तातलं कॉर्टिसॉल बघायचं. माणूस समोर बसलाय तो चेहऱ्यावरून, पोटावरून स्टेरॉइडने ओसंडून वाहतोय आणि रिपोर्टमध्ये कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य! नातेवाईक म्हणतात लॅब चुकली. चुकलेली नसते. डेक्सा त्या तपासणीत कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जात नाही आणि स्वतःचं तर बनतच नाहीये, मग दिसणार काय. पुडीत काय आहे ते न उघडता कळतं. (पुडीत प्रेडनिसोलोन असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, तेही थोडंफार कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं, म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्याला पुडीची गोष्ट आधी सांगायची.)

आता काय काय अवलंबून आहे ते. आई रोज न चुकता घेतात की दुखेल तेव्हा? किती दिवस सलग? मधे गुडघ्यात किंवा कमरेत 'ताकदीची' इंजेक्शनं घेतली का? तीसुद्धा बऱ्याचदा स्टेरॉइडचीच असतात. शेवटची पुडी कधी? घ्यायला लागून एकूण साधारण तीन आठवड्यांच्या आतच झाले असतील तर ग्रंथी सहसा तग धरून असते आणि लगेच बंद केलेलं चालतं. तीन आठवड्यांच्या वर रोज असेल तर ती झोपलीय असं धरूनच चालायचं. दीड वर्ष म्हणजे शंकाच नाही. पण मी त्यांना तपासलेलं नाही त्यामुळे किती मिलिग्रॅमवरून किती दिवसांत उतरायचं ते मी इथे लिहिणार नाही, आणि दुसऱ्या कोणी लिहून दिलं तरी ते वापरू नका.

दीड वर्षात आत काय झालं असेल? शुगर तुम्हाला कळलीच. त्यातही एक मेख आहे, सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने दुपार-संध्याकाळची शुगर चढते आणि उपाशीपोटीची बरी येऊ शकते, त्यामुळे फक्त फास्टिंग करून 'नॉर्मल आहे' म्हणून घरी गेलेली माणसं मी पाहिलीयत. जेवणानंतरची आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) दोन्ही करा.

हाडं. याच्याकडे कोणी बघत नाही कारण दुखणं तर पुडीने थांबलेलं असतं. स्टेरॉइडमुळे हाडाची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सगळ्यात वेगाने होते आणि आधी मणक्यांना धरते. एक मावशी पाण्याची कळशी उचलायला वाकल्या आणि कण्ण आवाज झाला, मणका दबला. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत, नुसती कळशी. त्यामुळे आईंची उंची कमी झाल्यासारखी, पाठीत बाक आल्यासारखं वाटतं का ते बघा. दुसरं खुबा. खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते आतून मरत जातं, सुरुवातीला एक्सरे साफ येतो, एमआरआयमध्येच दिसतं. जांघेत दुखत असेल, मांडी घालून बसता येत नसेल तर 'गुडघाच असेल' म्हणून सोडू नका.

आणि इन्फेक्शन. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण ते तापही दाबतं, पोटातली दुखणीही दाबतं. आत पू झालाय आणि माणूस 'बरा' दिसतो. आपल्या देशात टीबी कितीतरी जणांच्या शरीरात झोपलेला असतो, तो उठतो. २०२१ साली आपण सगळ्यांनी काळी बुरशी पाहिली, म्युकरमायकोसिस. तिथे शुगर, स्टेरॉइड आणि कोविड तिन्ही एकत्र आले होते. मुळात २०२० च्या रिकव्हरी ट्रायलने, म्हणजे ब्रिटनमधल्या कोविडच्या औषधांच्या मोठ्या चाचणीने, सांगितलं होतं की डेक्सा दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि फायदा ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांना, न लागणाऱ्यांना नाही. आपल्याकडे लोकांनी व्हॉट्सॲपवर फिरणारी चिठ्ठी दाखवून तापाच्या दुसऱ्याच दिवशी सुरू केलं, ऑक्सिजन ९८ असताना, शुगर न बघता. त्या दोन महिन्यांत मी जे डोळे काढावे लागलेले पाहिले ते अजून विसरलो नाहीये.

बाकी मोतीबिंदू, काचबिंदू, बीपी, झोप उडणं, चिडचिड, हे आहेच. पुडीत स्टेरॉइडच्या जोडीला बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकसारखं पेनकिलरही असतं, दोन्ही मिळून पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून शौचाला डांबरासारखं काळं होतंय का ते विचारा. आई लाजेने सांगणार नाहीत, विचारावंच लागेल.

आता तुम्ही शेवटी लिहिलंय की 'म्हणजे स्टेरॉइड हे विषच ना'. नाही. इथे मी तुमच्याशी भांडणार. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत त्या उठून चालायला लागल्या, १९५० मध्ये त्यासाठी नोबेलही मिळालं. दम्याचा जबर अटॅक, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), काही किडनीचे आजार, यात आजही स्टेरॉइडशिवाय माझं पान हलत नाही. उलट माझा रोजचा अर्धा वेळ लोकांना हे पटवण्यात जातो की दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट फुप्फुसात जातं, ते घाबरून बंद करू नका, फक्त नंतर चूळ भरा. जिममधली इंजेक्शनं हा वेगळाच प्रकार, ती पुरुषी हार्मोनची भावंडं, त्याबद्दल आज नको. फरक औषधात नाहीये, फरक कोण मोजतंय यात आहे. डॉक्टर देतो तेव्हा डोस माहीत असतो, शुगर बघितली जाते, कॅल्शियम-व्हिटॅमिन डी, गरज पडली तर हाडाचं औषध जोडलं जातं, आणि थांबायची तारीख ठरलेली असते. निदान असावी.

असावी म्हणतो कारण यात आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. सुरुवातीच्या काळात मी एका गृहस्थांना अंगावर पित्त उठलं म्हणून प्रेडनिसोलोन लिहून दिलं, पाच दिवस. ते आठ महिन्यांनी आले, शुगर वाढली म्हणून, खिशात माझीच चिठ्ठी, घडीवर झिजून फाटलेली. बरं वाटलं म्हणून मेडिकलवाल्याला तीच दाखवून घेत राहिले होते. चिठ्ठीत मी '५ दिवस' लिहिलं होतं पण कोपऱ्यात, माझ्या अक्षरात. तेव्हापासून स्टेरॉइड लिहिलं की खाली लाल पेनने मराठीत मोठ्या अक्षरात तारीख घालून 'यानंतर बंद, परत घेऊ नये' असं लिहितो आणि पेशंटकडून मोठ्याने वाचून घेतो. लोक हसतात, हसू देत. (खाजेच्या क्रीमचंही हेच. 'खाजेची ट्यूब द्या' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, गजकर्णावर लावलं की आठ दिवस छान आणि मग पाठभर पसरतं.)

तर रविवारचं. गेल्यावर आईंना ओरडू नका. पुडी सुरू झाल्यावर त्यांना जिना चढता आला होता, देवळात खाली बसता आलं होतं, आणि बायका म्हणत होत्या 'तब्येत भरली बाई तुझी'. त्यांच्यासाठी तो पुडीवाला देवमाणूस आहे. ओरडलात तर लपवून घेतील नाहीतर रागाने एकदम सोडतील, दोन्ही वाईट. पुड्या, त्यांची संख्या, कधीपासून, शेवटची कधी, हे सगळं घेऊन सोमवारीच एमडी मेडिसिन डॉक्टरकडे जा, मधल्या एका दिवसासाठी पुडी चालू राहिली तरी चालेल. डॉक्टर बहुधा पुडी बंद करून तिच्या जागी मोजलेल्या डोसची गोळी देतील, सकाळी नाश्त्यानंतर, आणि ती आठवड्याआठवड्याने कमी करत आणतील. वरून खाली यायचं सोपं असतं, शेवटचा टप्पा, ५ मिलिग्रॅमच्या आसपास आल्यावरचा, तो रेंगाळतो. त्या काळात अंग दुखेल, थकवा येईल, मन उदास होईल, आणि आई म्हणतील 'बघ, पुडीच बरी होती'. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर परत तिकडे जातील. माझे निम्मे पेशंट याच टप्प्यावर हातचे सुटतात.

आणि गुडघ्याचं काय, ते कोणीतरी बघायला हवं ना. नुसती झीज असेल तर स्टेरॉइडची गोळी तिथे कामाचीच नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन, लावायचं जेल, आणि फारच झालं तर ऑपरेशन. पण सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडतात, हातांच्या लहान सांध्यांना सूज असते असं असेल तर तो आमवात असू शकतो, त्याची वेगळी औषधं आहेत. मेथोट्रेक्झेट दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं हे मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा, रोज घेऊन जिवावर बेतल्याची उदाहरणं आहेत. पुडीवाल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, एक-दोन पुड्या त्यासाठी वेगळ्या ठेवा, पण ते आई सावरल्यावर.

तुम्ही विचारलेलं राहिलंच. चेहरा डोस कमी होईल तसा दोन-चार महिन्यांत उतरायला लागतो, शुगर खूप जणांची खाली येते, काहींची तशीच राहते कारण मधुमेह दबा धरून बसलेलाच होता. कातडी भरून यायला वेळ लागतो. दबलेला मणका परत वर येत नाही.

डोस उतरवत असताना आणि त्यानंतरही वर्षभर, उलट्या, चक्कर, खूप ताप, सुस्ती असं काहीही झालं की घरी लिंबूपाणी देत बसू नका, सरळ दवाखाना. तापात डोस वाढवावा लागतो, किती तो डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आणि तुम्ही जवळ नसाल तेव्हासाठी एका जाड कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, 'मी दीड वर्ष स्टेरॉइड घेतलं आहे, एकदम बंद करू नये, बीपी कमी झाल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्यावे', खाली तुमचा नंबर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईंच्या बटव्यात ठेवा, कपाटात नको, बटवा कायम कमरेला असतो.